खेळाडूंचीं कार्डें : त्यांचें जतन आणि त्यांचा विमा

सोनें-नाणें, जडजवाहीर, जमीनजुमला यांचें रक्षण कसें करावें हें मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. या वस्तूंचें मोल त्यांच्या जन्मापासूनच त्यांच्या सोबतीला असतें. त्यामुळें तिजोरी, कुलूप, खतपत्र हीं साधनेंहि त्यांच्या मागोमाग आलीं. परंतु जी वस्तु प्रथम फुकट वाटली गेली, जी पोरांनीं खिशांत कोंबली, जिच्यावर भिंतीशीं फेकून हारजितीचे डाव खेळले, आणि जी पुढें साठ-सत्तर वर्षांनीं एकाएकीं घरादाराच्या किंमतीची ठरली, तिचा सांभाळ कोणीं व कसा करावा? तिच्यासाठीं रूढि नव्हती आणि साधनेंहि नव्हतीं. अमेरिकेंतील बेसबॉल खेळाडूंचीं कार्डें हें अशा वस्तूचें सर्वांत ठळक उदाहरण होय. पुठ्ठ्याच्या या चिमुकल्या तुकड्यांवर आज लक्षावधि डॉलर मोजले जातात, त्यांच्यासाठीं तिजोऱ्या भाड्यानें घेतल्या जातात, आणि विमा कंपन्या त्यांचे विमे उतरवून घेतात. हा पोरखेळ म्हणून सोडून द्यावा असें कांहीं वाचकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कागदाची वस्तु टिकवावी कशी, तिची किंमत ठरवावी कोणीं, आणि ती नाहींशी झाल्यास भरपाई मागावी कशाची, हे तीन प्रश्न ज्याच्या घरीं आजोबांची पोथी, जुनीं छायाचित्रें किंवा पोस्टाच्या तिकिटांची वही आहे अशा प्रत्येकाचे आहेत. कार्डांच्या इतिहासांत ते अधिक उघडे होऊन दिसतात, इतकेंच.

कार्डांचा जन्म सिगारेटच्या पाकिटांतला. पाकीट मऊ कागदाचें असे व आंतील सिगारेटी चुरगळत, म्हणून ताठरपणासाठीं त्यांत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक तेंच पाकीट पुन्हां मागेल, ही युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशींत तंबाखूच्या व्यापाऱ्यांस सुचली. अमेरिकेंत ॲलन अँड गिंटर या कंपनीनें १८८७ च्या सुमारास मल्ल, मुष्टियोद्धे, नेमबाज आणि बेसबॉलपटु यांचीं सुरेख रंगीत चित्रें काढलीं. इंग्लंडांत विल्स कंपनीनें १८९६ सालीं पन्नास क्रिकेटपटूंची माला काढली. तींत काठेवाडच्या रणजितसिंहजींचेंहि चित्र होतें. त्याच वर्षीं रणजितसिंहजींनीं मँचेस्टर येथें इंग्लंडतर्फे आपला पहिला कसोटी सामना खेळून नाबाद १५४ धावा केल्या होत्या. इंग्लंडांतील हा सारा उद्योग १९४० मध्यें युद्धकालीन कागदटंचाईनें थांबला. अमेरिकेंत मात्र तो तंबाखूकडून मिठाईकडे आणि मिठाईकडून च्युइंगगमकडे जात जात चालूच राहिला.

या सर्व मालांत अतिशय गाजलेली माला म्हणजे अमेरिकन टोबॅको कंपनीनें १९०९ ते १९११ या काळांत काढलेली. तींत ५२४ कार्डें आहेत. प्रत्येकाची रुंदी दीड इंचाहून किंचित् कमी आणि उंची अडीच इंचांहून किंचित् अधिक. पिट्सबर्गच्या संघांतील होनस वॅग्नर हा त्या वेळचा अत्यंत नामांकित खेळाडु. त्याचें चित्र छापून कांहीं पाकिटांत पडलें, आणि लौकरच तें बंद करण्यांत आलें. आपल्या नांवावर मुलांनीं तंबाखू विकत घ्यावी हें त्यास पसंत नव्हतें असें एक पक्ष सांगतो. कंपनीनें पुरेसा मोबदला दिला नाहीं म्हणून त्यानें हरकत घेतली असें दुसरा पक्ष सांगतो. कारण कोणतेंहि असो, परिणाम एवढा झाला कीं, आज त्या कार्डाच्या सुमारें साठच प्रती ठाऊक आहेत. दुर्मिळतेचा जन्म असा एका नकारांतून झाला.

परंतु दुर्मिळ वस्तु दुर्मिळ आहे हें कळावयासहि कोणीतरी मोजणारा लागतो. हें मोजण्याचें काम जेफर्सन बर्डिक या गृहस्थानें केलें. जन्म १९०० सालचा, न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज येथें विजेचीं उपकरणें बनविणाऱ्या कारखान्यांत साधी नोकरी, लग्न नाहीं, आणि ऐन तिशींत जडलेला संधिवात. अशा मनुष्यानें नुसता संग्रह केला नाहीं, तर साऱ्या अमेरिकेंतील कार्डांची सूचि तयार केली. १९३९ सालीं तिची पहिली आवृत्ति निघाली व पुढें ती वेळोवेळीं वाढविण्यांत आली. एकोणिसाव्या शतकांतील तंबाखूच्या कार्डांस एक अक्षर, विसाव्या शतकांतील तंबाखूच्या कार्डांस 'टी', मिठाईच्या कार्डांस आणखी निराळें अक्षर आणि पुढें अनुक्रमांक, ही त्याची पद्धति. वॅग्नरच्या मालेस आजहि सारे संग्राहक 'टी-२०६' म्हणतात तें बर्डिकच्या या सूचीवरूनच. इतर कार्डांची किंमत सेंटांत असतां वॅग्नरच्या कार्डाची किंमत त्यानें पन्नास डॉलर नोंदविली होती. त्या काळीं ती अतिशयोक्ति वाटली असावी.

बर्डिकनें आपला संग्रह विकला नाहीं. १९४७ पासून त्यानें तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यास सुरुवात केली. तेथील मुद्रितचित्र विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनीं त्यास जागा दिली, आणि बर्डिक वर्षानुवर्षें तेथें बसून एकेक कार्ड वहींत चिकटवीत राहिला. हाताचीं बोटें आखडत चाललीं होतीं. अखेरीस नोकरी सोडून तो न्यूयॉर्कलाच येऊन राहिला. १० जानेवारी १९६३ रोजीं काम संपल्याचें त्यानें सांगितलें, अंगावर कोट चढविला, आणि निरोप घेतला. दुसऱ्या दिवशीं तो रुग्णालयांत दाखल झाला व त्याच वर्षीं मार्च महिन्यांत वारला. मागें राहिल्या तीन लक्षांहून अधिक कागदी वस्तु. त्यांत बेसबॉलचीं कार्डें तीस हजारांहून अधिक.

बर्डिकनें कार्डें चिकटविलीं, हें आजच्या व्यापाऱ्यास सांगितलें तर तो कपाळावर हात मारून घेईल. पाठीमागचा मजकूर झांकला गेला, डिंक लागला, कार्ड वहींतून सुटें करतां येत नाहीं. बाजाराच्या दृष्टीनें त्याचें मोल बुडालें. आमचें मत निराळें आहे. बर्डिकला कार्ड विकावयाचें नव्हतें, दाखवावयाचें होतें. ज्या वस्तूचें मोल विक्रींत नाहीं तिला कोपऱ्यांची धार टिकविण्याची चिंता नसते; ती हरवूं नये, क्रमांतून निसटूं नये, एवढेंच पाहावें लागतें, आणि तें काम चिकटवहीनें उत्तम केलें. जतनाचे प्रकार जतनाच्या हेतूवरून ठरतात ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढच्या पिढीचा हेतु बदलला आणि त्याबरोबर सांभाळण्याची सारी रीतच पालटली.

हा बदल कसा झाला? एकाच वाक्यांत सांगावयाचें तर, नाशामुळें झाला. टॉप्स या च्युइंगगमच्या कंपनीनें १९५२ सालीं मोठ्या आकाराची एक माला काढली. तिचा शेवटचा भाग हंगामाच्या अखेरीस बाजारांत आल्यामुळें फारसा खपला नाहीं. न विकलेलीं खोकीं ब्रुकलीनच्या वखारींत जागा अडवून बसलीं. कंपनीचे अधिकारी साय बर्गर यांनीं पुढें स्वतःच सांगितल्याप्रमाणें, १९६० सालीं त्यांनीं तीं शेंकडों खोकीं बोटींत घालून अटलांटिक समुद्रांत बुडविलीं. त्याच भागांत मिकी मँटल याचें कार्ड होतें. त्या कार्डाची उत्तम स्थितींतील एक प्रत न्यू जर्सींतील एका गृहस्थानें १९९१ सालीं ५०,००० डॉलरांस घेतली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें ती लिलांवांत १ कोटि २६ लक्ष डॉलरांस गेली. या गृहस्थाचा धंदा कचरा वाहून नेण्याचा होता, ही गोष्ट कोणा विनोदी लेखकास सुचली असती तर आम्ही ती ओढूनताणून आणलेली म्हटली असती.

समुद्रानें जें केलें तेंच घराघरांतून आयांनीं केलें. मुलगा शिकावयास किंवा लष्करांत गेला कीं त्याची खोली झाडून काढावयाची आणि बुटांच्या खोक्यांतील कार्डें कचऱ्यांत टाकावयाचीं, हा अमेरिकन गृहिणींचा शिरस्ता तेथील संग्राहकांच्या बोलण्यांत अजून येतो. पण त्यांच्यावर राग धरणारे हें विसरतात कीं, त्यांनीं तीं टाकलीं नसतीं तर उरलेल्यांना किंमत आली नसती. १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत कंपन्यांनीं अमाप कार्डें छापलीं, घेणाऱ्यांनीं एकहि न टाकतां सारीं जपून ठेवलीं, आणि म्हणूनच त्यांतील बहुतेक आज कवडीमोल आहेत.

कांहीं कार्डें मात्र कोणी जपलीं म्हणून नव्हे, तर कोणी विसरलें म्हणून वांचलीं. ओहायो राज्यांतील डिफायन्स या गांवीं २०१२ सालीं एका घराच्या माळ्यावर पुठ्ठ्याचें एक जुनें खोकें सांपडलें. त्यांत १९१० च्या सुमाराचीं सुमारें सातशें कार्डें सुतळीनें बांधलेलीं होतीं. घराचा मूळ मालक मांसविक्रीचें दुकान चालवीत असे. मिठाईबरोबर वाटावयाचीं तीं कार्डें त्याच्या हातीं आलीं असावीं व उरलेलीं माळ्यावर गेलीं असावीं. शंभर वर्षें त्यांस प्रकाश लागला नाहीं, हात लागला नाहीं. त्यांतील निवडक ३७ कार्डें त्याच वर्षीं लिलांवांत ५,६०,००० डॉलरांहून अधिक किंमतीस विकलीं गेलीं. माळा ही कागदासाठीं वस्तुतः अतिशय वाईट जागा. उन्हाळ्यांत भट्टी आणि हिंवाळ्यांत बर्फ. तरीहि अंधार, घट्ट बांधणी आणि माणसाचा विसर या तिहींनीं मिळून जें साधलें तें पुष्कळ हौशी संग्राहकांस साधलेलें नाहीं. दैवावर हवाला ठेवावा असा मात्र याचा अर्थ नव्हे. एक खोकें सांपडलें, परंतु उंदरांनीं कुरतडलेल्या खोक्यांची बातमी वर्तमानपत्रांत येत नाहीं.

येथून पुढें कार्डाची स्थिति हीच कार्डाची किंमत झाली. कोपरा बोथट झाला तर दर निम्म्यावर, घडी पडली तर दहाव्या हिश्श्यावर, अशी बाजाराची रीत पडली, आणि ती स्थिति ठरविणारा त्रयस्थ पंच हवा झाला. १९९१ सालीं निघालेल्या पी.एस.ए. या संस्थेनें कार्डें तपासून एक ते दहा असे गुण द्यावयास आणि तें कार्ड क्रमांकासह कठीण प्लॅस्टिकच्या डबींत कायमचें बंद करून द्यावयास आरंभ केला. तिनें पहिल्या प्रथम तपासलेलें कार्ड वॅग्नरचेंच होतें. तें हॉकीपटु वेन ग्रेट्झकी व त्याचा एक भागीदार यांनीं त्याच वर्षीं ४,५१,००० डॉलरांस घेतलें होतें. त्यास आठ गुण मिळाले, आणि त्या आठ गुणांच्या बळावर तें हातोहात जात २००७ सालीं २८ लक्ष डॉलरांपर्यंत पोंचलें.

त्या कार्डाच्या कडा फारच सरळ आहेत अशी कुजबूज जाणत्या लोकांत फार दिवस होती. अखेर बिल मास्ट्रो नांवाच्या नामांकित लिलांवदारानें २०१३ सालीं न्यायालयापुढें आपल्या अपराधांची कबुली देतांना हेंहि मान्य केलें कीं, ग्रेट्झकीच्या हातीं जाण्यापूर्वीं आपणच त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डास नियमाप्रमाणें गुणच मिळावयास नकोत. म्हणजे ज्या पंचाच्या शब्दावर हा सारा डोलारा उभा, त्याचा पहिलाच निकाल असा! डबीवरील अंक हा पुरावा आहे, सत्य नव्हे. आणि विम्याच्या प्रकरणांत तर हा भेद फार महाग पडतो, तें पुढें दिसेल.

आतां साठवणीकडे वळूं. कागदाचे वैरी चार : ओल, उष्णता, उजेड आणि किडा-मुंगी. पांचवा वैरी म्हणजे त्याचा रक्षक. लहानपणीं मुलें कार्डांच्या गड्डीस रबर बांधीत. त्या रबरानें कडांवर खांचा पाडल्या व पुढें तें स्वतः वितळून चिकटून बसलें. १९७०-८० च्या काळांत सुज्ञ म्हणविणाऱ्यांनीं मऊ पी.व्ही.सी. प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या वह्या घेतल्या. हें प्लॅस्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत जें तेलकट द्रव्य घालतात तें कालांतरानें बाहेर झिरपतें, आणि कार्डाचा रंग त्याला चिकटतो. जे काळजी घेत होते त्यांचाच संग्रह असा बिघडला. आज पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन यांच्या पिशव्या निर्धोक समजल्या जातात. त्यांत कार्ड घालून ती पिशवी ताठ आवरणांत, तें आवरण आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटींत, आणि पेटी अंधारांत ठेवावी. हवेंतील आर्द्रता शेंकडा ३५ ते ५० च्या दरम्यान असावी, आणि मुख्य म्हणजे ती सारखी खालींवर होऊं नये. कारण पुठ्ठा ओलीनें फुगतो, कोरडेपणानें आकसतो, आणि या ओढाताणींत वांकतो. कोंकणांत किंवा मुंबईंत जुलै महिन्यांत पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर जी पांढुरकी बुरशी चढते ती ज्यानें पाहिली आहे त्यास याविषयीं अधिक सांगणें नको. भिंतींतील कपाट, विशेषतः बाहेरच्या भिंतीचें, या कामीं अगदीं निरुपयोगी. आर्द्रता मोजण्याचें लहानसें यंत्र आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या या दोन स्वस्त वस्तूंनीं जें होतें तें महागड्या तिजोरीनें होत नाहीं.

तिजोरीविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. आगींतून वांचविणाऱ्या तिजोरीच्या भिंतींत पाणी धरून ठेवणारें द्रव्य भरलेलें असतें; आग लागली कीं त्यांतून वाफ निघते आणि आंतील उष्णता कागद जळण्याच्या मर्यादेखालीं राहते. दस्तऐवज अशा वाफेंतून बाहेर आला तर वाळवून वाचतां येतो; पण ज्या वस्तूचें सारें मोल तिच्या ताठपणांत व रंगांत आहे तिची अशानें काय दशा होईल? शिवाय आग न लागतांहि अशा तिजोरीच्या आंत दमटपणा सांचतो. पी.एस.ए.ची डबीहि पाणबंद नसते; ती धूळ आणि बोटें दूर ठेवते, पूर नव्हे.

राहिला बँकेचा लॉकर. येथेंहि समजूत आणि वस्तुस्थिति यांत अंतर आहे. अमेरिकेंत ठेवींस जें सरकारी विमासंरक्षण आहे तें लॉकरमधील वस्तूंस नाहीं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं काढलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणें किंवा नोकरांची लबाडी यांमुळें नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे; भूकंप, पूर, वीज अशा दैवी आपत्तींत तीहि नाहीं. लॉकरचें वर्षाचें भाडें पांच हजार रुपये धरलें तर हद्द पांच लाखांची. आंत काय आहे हें बँक विचारीत नाहीं, आणि जें विचारलें नाहीं त्याचें मोल ती कबूल करीत नाहीं. लॉकर चोरास लांब ठेवतो हें खरें, परंतु तो विमा नव्हे.

विम्याचा विषय येथें सुरू होतो. आणि त्याचें मूळ समुद्रांत आहे. लंडनमध्यें सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहांत जहाजांचे मालक व जोखीम घेणारे एकत्र बसत. सागरी विम्याचें तंत्र तेथें वाढलें. माल बंदरांतून उतरून आगगाडीनें आंत जाऊं लागला तसा विमाहि त्याच्यामागें जमिनीवर आला, आणि १९३३ सालीं अमेरिकेंतील विमा अधिकाऱ्यांनीं या शाखेची व्याप्ति ठरवून दिली. तिचें नांव मोठें गमतीचें आहे : अंतर्देशीय सागरी विमा. दागिने, चित्रें, टपालतिकिटें यांप्रमाणें कार्डांचे विमेहि तेथें याच शाखेंत मोडतात. ओहायोंतील कपाटांत बसलेलें कार्ड कायद्याच्या दृष्टीनें एक प्रकारें प्रवासास निघालेला मालच होय.

घराच्या नेहमींच्या विम्यावर पुष्कळ लोक विसंबतात. तो दोन ठिकाणीं लंगडा पडतो. एक तर संग्राह्य वस्तूंस त्यांत बहुधा घसारा वजा करूनच भरपाई मिळते. जुनें झाल्यानें जी वस्तु महाग झाली तिला जुनी म्हणून घसारा लावणें हा एक विनोदच आहे. दुसरें, अमेरिकेंतील घराच्या विम्यांत पूर सामान्यतः धरलेला नसतो. म्हणून जाणता संग्राहक ठराविक किंमतीचें स्वतंत्र विमापत्र घेतो. याचा कायदा इंग्लंडांत १९०६ सालीं सागरी विम्याच्या अधिनियमांत स्पष्ट झाला, आणि आपल्याकडील १९६३ चा अधिनियम त्याच्याच वळणावर आहे. विमापत्रांत दोन्ही पक्षांनीं किंमत आधींच ठरवून लिहिली असेल तर, लबाडी नसल्यास, नुकसानीच्या वेळीं तीच अखेरची. मागाहून वाद नाहीं. परंतु ही सोय दुधारी आहे. मँटलचें कार्ड १९९१ सालीं ५०,००० डॉलरांस घेणाऱ्यानें त्याच आंकड्याचें विमापत्र न बदलतां पुढें चालविलें असतें आणि २०२२ मध्यें घर जळालें असतें, तर हातीं ५०,०००च आले असते. किंमत दर दोन-तीन वर्षांनीं, आणि बाजार तापलेला असतां दर वर्षीं, नव्यानें लिहवून घ्यावी.

आतां त्या १९०६ च्या कायद्यांतील एक कलम पाहा. करारांत निराळें लिहिलें नसेल तर नेहमींची झीज, वस्तूच्या अंगचा दोष, आणि उंदीर व कीड यांनीं केलेलें नुकसान यांस विमा कंपनी जबाबदार नाहीं, असें तें स्पष्ट सांगतें. उंदरांचें नांव कायद्यांत मुद्दाम घातलें आहे! जहाजाच्या धान्यकोठाराकडे पाहून लिहिलेलें हें कलम, आणि तीनच वर्षांनीं छापलेल्या वॅग्नरच्या कार्डास तें हुबेहूब लागूं पडतें. कागद पिंवळा पडला तर तो त्याच्या अंगचा दोष. रंग उडाला तर झीज. कोपरा कुरतडला तर कीड. आजचीं विमापत्रेंहि या बाबतींत फारशीं निराळीं नाहींत. वर सांगितलेल्या चार वैऱ्यांपैकीं विमा एकाचीहि जबाबदारी सहसा घेत नाहीं. तो आग, चोरी, नळ फुटणें, पाठवणींत गहाळ होणें अशा एका क्षणाच्या आपत्तींचा सोबती आहे. वर्षानुवर्षें चालणारा नाश हा सर्वस्वीं मालकाच्या कपाटाचा प्रश्न राहतो. ज्यानें विमा उतरविला म्हणून कपाटाकडे दुर्लक्ष केलें त्यानें आपली फसवणूक स्वतःच केली असें म्हणावें लागेल; आणि कपाट उत्तम आहे म्हणून जो विमा टाळतो त्यानें शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरांतील आगीचा विचार केलेला नसतो.

विम्याच्या करारांत सचोटी ही नुसती नीति नाहीं, ती अट आहे. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं १७६६ सालच्या एका खटल्यांत सांगून ठेवलें कीं, जोखमीसंबंधीं महत्त्वाची जी गोष्ट एकट्या विमेदारास ठाऊक असते ती त्यानें दडवून ठेवतां कामा नये. कडा कापल्याचें ठाऊक असतां जो आपलें कार्ड निर्दोष म्हणून विम्यास लावील त्याचें विमापत्र ऐन वेळीं रद्द ठरण्याचा धोका आहे, मग डबीवर आठ असोत कीं दहा. म्हणून कार्ड कोठून आलें, केव्हां, किती किंमतीस, यापूर्वीं कोणाच्या हातीं होतें, याची टिपणी, दोन्ही बाजूंचीं स्पष्ट छायाचित्रें, खरेदीची पावती, डबीचा क्रमांक, हें सारें एकत्र करून त्याची एक प्रत संग्रहापासून दूर ठेवावी. कार्डांबरोबरच जळालेली यादी काय कामाची? आणि संपूर्ण माला असेल तर तसें लिहवून घ्यावें. ५२४ मधलें एक गेलें तर उरलेल्या ५२३ ची किंमत त्या एकाच्या दरानें नव्हे, त्याहून किती तरी अधिक उतरते.

अशा टिपणीचें मोल काय असतें हें बाल्टिमोर येथील एका धर्मभगिनीसंघास २०१० सालीं कळलें. संघांतील एका दिवंगत भगिनीचा भाऊ वारला आणि मृत्युपत्रानें आपली मालमत्ता संघास देऊन गेला. बँकेच्या लॉकरमध्यें वॅग्नरचें एक कार्ड निघालें. त्याच्या तीन बाजूंच्या पांढऱ्या कडा कापलेल्या, अंगावर घड्या, आणि कोणीं तरी तें प्लॅस्टिकच्या पातळ थरांत कायमचें मढवून टाकलेलें. जतनाच्या नांवाखालीं जें जें करूं नये तें सारें त्यावर झालें होतें. परंतु शेजारीं टंकलिखित चिठ्ठी होती. कार्ड १९३६ सालापासून आपल्यापाशीं आहे, तें खराब झालेलें आहे, तरी एकविसाव्या शतकांत त्याचें मोल वाढतच जाईल, असें तींत लिहिलें होतें. भगिनींना बेसबॉल ठाऊक नव्हता. त्यांनीं चिठ्ठी वाचली आणि कार्ड लिलांवास पाठविलें. कापलेल्या कडा कोणीं लपविल्या नाहींत, आणि घेणाऱ्यांनींहि त्या पाहूनच बोली लावली. ती २,६२,००० डॉलरांवर थांबली, आणि तें द्रव्य संघाच्या देशोदेशींच्या सेवाकार्याकडे गेलें.